तुम्ही विचारलेत म्हणून: समीकरणात भूमिती कुठून आली?

नाशिकमध्ये गणिताचा विषय निघाला की देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि त्यांचा ६१७४ हा आकडा आठवला जातोच, त्यानंतर मला हमखास विचारतात, "तुम्ही तर अरेषीय आंशिक अवकल समीकरणे (एखादी गोष्ट जागेनुसार आणि काळानुसार कशी बदलते हे सांगणारी समीकरणे) सोडवता, मग स्वतःला भूमितीचे अभ्यासक का म्हणवता?"

उत्तरासाठी मला आपल्याकडचे तांबटकाम सोयीचे वाटते. पोचा पडलेला हंडा मठारताना कारागीर प्रत्येक ठोका भांड्याचा त्या क्षणीचा आकार पाहून देतो. ठोक्याने आकार बदलतो आणि बदललेला आकार पुढचा ठोका ठरवतो. अरेषीयता म्हणतात ती हीच. सळईतून उष्णता पसरते तेव्हा सळई तीच राहते असे आपण धरतो, म्हणून ते समीकरण रेषीय असते आणि त्याच्या दोन उत्तरांची बेरीजही उत्तरच ठरते. रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९८२ साली मांडलेल्या 'रिची प्रवाह' या समीकरणात मात्र अंतर मोजण्याची पट्टीच वक्रतेनुसार बदलत जाते: वक्रता धन (चेंडूसारखी) असेल तिथे अंतरे आकसतात, ऋण (खोगिरासारखी) असेल तिथे फैलावतात. तिथे बेरजेची सोय उरत नाही.

गोलासारखे बंद पृष्ठ कितीही वेडेवाकडे असो, क्षेत्रफळ स्थिर राखून हा प्रवाह चालवला तर ते अखेरीस गोल होते. तीन मितींत तसे नेहमी घडत नाही. डंबेलसारख्या आकाराची मान आवळत जाते, तिथली वक्रता मर्यादित काळातच अनंताकडे जाते आणि समीकरण अडते. माझ्या मते खरी भूमिती याच मानेत आहे, कारण अवकाश कोणत्या तुकड्यांचे जोडलेले आहे हे समीकरण मोडते तिथेच उघड होते. ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये दाखवले की अशा माना जवळून पाहिल्यास नळीसारख्याच असतात. म्हणून तिथे काप द्यायचा, उघड्या टोकांवर टोप्या बसवायच्या आणि प्रवाह पुन्हा सुरू करायचा. ज्या बंद त्रिमितीय अवकाशातला प्रत्येक फास आवळून बिंदूइतका करता येतो, ते अवकाश मुळात त्रिमितीय गोलच असते का, हा गणितज्ञ प्वांकारे यांचा १९०४ मधला प्रश्न त्यातून सुटला. (पेरेलमान यांनी त्यासाठीचे दहा लाख डॉलरचे बक्षीस नाकारले, याचीच चर्चा वर्तमानपत्रांत अधिक झाली.)

हंड्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. तांबट हंडा हातात धरून बाहेरून पाहतो. रिची प्रवाहाला बाहेर नसतेच, हंड्यावरच्या मुंगीला चालून मोजता येतील तेवढ्याच अंतरांवर त्याला भागवावे लागते. चार मितींत कोणकोणत्या माना आवळू शकतात याची यादी अजून पूर्ण झालेली नाही, आणि माझे दिवस त्या यादीत जातात.