जुना पीसी ओव्हरक्लॉक करताना: आधी कूलर, मग मल्टिप्लायर

विंडोज सुरू व्हायलाच दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर बायोसला (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगला) हात लावण्यात अर्थ नाही. ते दुखणं हार्ड डिस्कचं. सॅटा एसएसडी लावा आणि विषय संपवा. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, उपयोग होतो तो टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल तेव्हा: व्हिडिओ एन्कोडिंग, मोठ्या फाइली झिप करणं, प्रोसेसरवर अडणारे गेम.

मग प्रोसेसरचं नाव नीट वाचा. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत आय५-२५००के चा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) खुला आहे, म्हणजे वाढवता येतो, पण बोर्ड पी६७ किंवा झेड६८ चिपसेटचा हवा. एच६१ वर तोच प्रोसेसर बसतो, चालतो, पण मल्टिप्लायर वर जात नाही. या पिढीत १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक वाढवायच्या फंदात पडू नका. पीसीआय एक्सप्रेस आणि सॅटा त्याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे १०५ च्या आसपासच गडबड सुरू होते आणि डिस्कवरचा डेटा खराब होण्याची भीती असते.

त्याआधीच्या कोअर २ डुओचं गणित उलटं. ई८४०० चा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, म्हणून एफएसबी, म्हणजे या पिढीतला मूळ क्लॉक, ३३३ वरून ४०० मेगाहर्ट्झ करायचा: ३.० चे ३.६ गिगाहर्ट्झ. पीसीआय एक्सप्रेस १०० वर लॉक करा आणि रॅमचा एफएसबीशी रेशो १:१ ठेवा, म्हणजे डीडीआर२-८०० रॅम आपल्या ठरलेल्या वेगावरच राहते. रेशो ऑटोवर सोडला की रॅम नकळत पळायला लागते आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो.

आता कूलर. बऱ्याच जुन्या मशिनमध्ये प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. इंटेलच्या मूळ कूलरच्या चार पुश-पिनांपैकी एखादी अर्धवट बसलेली असते; बोर्डाच्या मागून बघितल्याशिवाय कळत नाही. खरं तर चार हीटपाइपांचा टॉवर कूलर नसेल, तर २५००के वर ४.० गिगाहर्ट्झच्या पुढे जाऊच नये.

आता २५००के ची सेटिंग. बायोसमध्ये रॅम आहे तशी ठेवा. मल्टिप्लायर ४० करा, व्होल्टेज तूर्त तेच राहू द्या. विंडोजमध्ये प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी लावा आणि शेजारी तापमान उघडं ठेवा. २० मिनिटं तग धरली तर मल्टिप्लायर एकेकाने वाढवा. चाचणीचा एखादा वर्कर (गणित करणारा भाग) थांबला किंवा १२४ कोडची निळी स्क्रीन आली, तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय, ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. १.३५ व्होल्टपाशी थांबा. तापमान ८० अंशांच्या वर गेलं तर एक पाऊल मागे, कारण ९८ अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

व्होल्टेजची ही कंजूषी कशासाठी? वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.७ वरून ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे वेग सुमारे १९ टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं, तर उष्णता जवळपास ५० टक्क्यांनी वाढते. शेवटचे १०० मेगाहर्ट्झ नेहमीच सर्वांत महाग पडतात. आम्ही ४.२ वर समाधान मानू.

प्रोसेसरवर लोड (कामाचा ताण) येताच व्होल्टेज खाली घसरतं, त्यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं. ते मधल्या पातळीवर ठेवा. सर्वांत वरच्या पातळीवर लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

प्राइम९५ रात्रभर चाललं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी शोधा. त्या दिसल्या तर प्रोसेसर चुका करतोय आणि गुपचूप दुरुस्तही करतोय. व्होल्टेज आणखी एक पायरी वाढवा नाहीतर मल्टिप्लायर एकाने उतरवा. बोर्ड सुरूच झाला नाही, तर बायोसची सेटिंग पुसायला वीज काढून सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा किंवा क्लिअर सीमॉस जंपर वापरा. जुन्या मशिनमधला तो सेल बहुधा संपत आलेला असतो, तेव्हा बाहेर काढलाच आहे तर नवाच टाका. नाहीतर वीज गेली की सगळी सेटिंग पुसली जातील.