संमोहनाने तंबाखू सुटते का?

मानसोपचाराच्या व्यवसायात असल्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत, लग्नाच्या पंगतीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत, मला एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘यांची तंबाखू संमोहनाने सुटेल का हो?’ विचारणारी बहुधा पत्नी असते आणि ‘हे’ शेजारीच खाली मान घालून बसलेले असतात. माझे उत्तर मात्र त्यांनाच उद्देशून असते, कारण ज्याला स्वतःला सोडायची नाही, त्याला संमोहनाचा काडीचाही उपयोग होत नाही.

संमोहित माणूस बेशुद्ध नसतो. तो ऐकत असतो, मनात आले तर उठून जाऊ शकतो. फक्त त्याचे लक्ष एका ठिकाणी एकवटलेले असल्यामुळे सूचना अधिक खोल उतरते. तेव्हा सूचना कोणती द्यायची, यातच सारे कसब आहे. ‘तंबाखू वाईट’ हे त्याला ठाऊकच असते. सकाळी ठेल्यावर पोहे-जिलबी झाली, चहाचा शेवटचा घोट घेतला, की हात आपोआप खिशातल्या पुडीकडे जातो. तो क्षण नेमका हुडकून, डोळे मिटलेल्या अवस्थेत तो पुन्हा उभा करायचा आणि त्या हाताला दुसरे काही करायला शिकवायचे, असे हे काम असते. पुढे हाच सराव त्याने घरी स्वतः करायचा असतो, आणि नेमका तिथेच बहुतेकांना कंटाळा येतो.

नखे खाण्याच्या सवयीत शरीराला कशाची तलफ नसते, म्हणून तिथे हा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. अर्थात १९७३ मध्ये एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली, सवयीची चाहूल लागताच तिच्या आड येणारी दुसरी हालचाल करण्याची पद्धत तिथे संमोहनाविनाही चालते. तंबाखूत निकोटीन आहे. ती सोडल्यावर पहिले काही दिवस होणारी चिडचिड आणि अस्वस्थता केवळ सूचनेने जात नाही. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे लागू शकतात. धूम्रपान सोडण्यासाठी केलेल्या संमोहनाचा, वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. त्यात १४ अभ्यास होते, आणि समुपदेशनासारख्या इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा त्यांत आढळला नाही. हे मी दारात आलेल्या माणसाला आधीच सांगतो, मग तो परत गेला तरी चालेल.

शिवाय सगळेच सारखे संमोहित होत नाहीत. काहींवर परिणाम चटकन होतो, काहींवर जवळजवळ होतच नाही, आणि त्यात कोणाच्या मनाच्या दुबळेपणाचा संबंध नसतो. म्हणून ‘एकाच बैठकीत खात्रीने सुटेल’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. मानसशास्त्राचे किंवा वैद्यकाचे शिक्षण विचारावे. भास किंवा भ्रम होणाऱ्या व्यक्तीला आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच न्यावे. आणि संमोहन करायचे की नाही हे ठरेपर्यंत थांबायचे कारण नाही : १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते, फक्त फोन ‘यांनी’ स्वतः करावा.