टेबल सॉ: तीन पाहिली, गंजकं घेतलं

मागच्या नोंदीनंतरचे पाच आठवडे टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं लाकूड चिरायचं मशीन, शोधण्यातच गेले. नवं घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण त्याच पैशांत जुनं पण दणकट मिळतं.

पहिलं उचलून नेता येणारं, अ‍ॅल्युमिनियमच्या टेबलाचं. कार्बन ब्रशची मोटर, पातं थेट तिच्यावर. सुरू केल्यावर बोलणंच बंद. रिव्हिंग नाईफ (चिरलेलं लाकूड मागे पात्याला चिमटू न देणारी पट्टी) मात्र झकास, पात्याबरोबर वर-खाली होणारी. पण फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती आडपट्टी, घट्ट करून तिचं मागचं टोक बोटाने ढकललं तर अर्धा सूत सरकलं. मोटर कितीही जोरकस असली तरी अशा फेन्सवर फळी सरळ चिरली जाणार नाही.

तिसऱ्यात जीव अडकला होता. बंद पेटीचं बूड, तीन हॉर्सपॉवर, तीन बेल्ट. पण मोटर थ्री-फेज. व्हीएफडी (मोटरला लागणारी वीज बनवून देणारं उपकरण) लावून सिंगल फेजवर चालवता येते, फक्त मोटरच्या पाटीवरचं व्होल्टेज आणि जोडणी जुळायला हवी. त्यात वजन 200 किलोच्या पुढे, आणि माझी खोली तीन पायऱ्या उतरून. सोडलं.

उरलं दुसरं: बिडाचं टेबल, मागे लटकलेली दीड हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर, वर गंजाचा तांबडा थर. चालवलं तर थरथरत होतं. विकणाऱ्यालाच त्याची लाज वाटत होती. पण बंद करून पातं आपोआप थांबेपर्यंत कान लावला. बेअरिंग खराब असेल तर मोटरचा आवाज गेल्यावर घरघर ऐकू येते. इथे काही नाही. प्लग काढून पातं उतरवलं आणि आर्बरच्या (पातं बसतं त्या दांड्याच्या) फ्लँजला, म्हणजे पातं टेकतं त्या चकतीला, डायल गेज हे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक लावून हाताने फिरवलं: काटा 0.02 मिमीच्या आत. मग थरथर कशाची? बेल्टची. वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहून त्याला बाक आला होता. नवा बेल्ट टाकला, पुली एका रेषेत आणल्या, आणि आता टेबलावर नाणं उभं राहतं.

गंजाला घाबरू नका. नख अडकेल असे खड्डे किंवा तडा असेल तर उठून चालू लागा. वरवरचा थर रॉकेल आणि 320 च्या पॉलिश पेपरने दोन संध्याकाळींत गेला. वर मेणाचा हात दिला. सिलिकॉनवालं काही लावलं नाही, ते लाकडाला लागलं की पॉलिश फाटतं.

खरा वेळ गेला तो पातं मायटरच्या खाचेला (आडवे काप घेताना सरकपट्टी जिच्यातून चालते ती टेबलातली खाच) समांतर करण्यात. एका दाताला मार्करने खूण केली, तो पुढे असताना मोजलं, मग तोच दात मागे फिरवून मोजलं. वेगवेगळे दात मोजले तर पात्याचाच वाक हिशेबात शिरतो. फरक निघाला 0.4 मिमी, आणि मागची बाजू फेन्सकडे झुकलेली. म्हणजे लाकूड मागे चिमटणार, जळणार, आणि एखाद्या दिवशी अंगावर येणार. पात्याचा सांगाडा धरणारे टेबलाखालचे चारपैकी तीन बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं, परत मोजलं. बोल्ट आवळताना सगळं पुन्हा सरकायचं. चौथ्या खेपेला 0.05 वर थांबले. मग फेन्स त्याच खाचेला जुळवली.

जे खटकतंय ते अजून खटकतंयच: या मशीनला रिव्हिंग नाईफ नाही, आणि मूळ स्प्लिटर (तेच काम करणारी, पण पात्याबरोबर न हलणारी पट्टी) कधीच हरवलेला. सध्या पात्याभोवती टेबलात बसणारी प्लायवूडची घट्ट फटीची पट्टी करून तिच्यात पात्यामागे 2.8 मिमीचा स्प्लिटर चिकटवलाय. माझ्या पात्याच्या कापाची रुंदी 3.2 आहे, पात्याचं अंग 2.2 चं, त्यामुळे तो मधोमध बसतो. खोबणी मारताना पट्टी बदलावी लागते आणि पातं तिरकं केलं की स्प्लिटर निरुपयोगी, म्हणून सध्यातरी तिरके काप हातकरवतीनेच. 45 अंशावर समांतरपणा टिकतो का, हेही अजून तपासलेलं नाही.