न पाहिलेल्या पंचनाम्याची साक्ष

समन्स घेऊन आलेल्या पोलीस शिपायाने एका प्रतीवर माझी सही घेऊन दुसरी प्रत हातात ठेवली, तेव्हा आपल्याला नेमके कशासाठी बोलावले आहे हे मला प्रथम कळेना. घरफोडीचा खटला, आरोपीचे नाव अनोळखी आणि माझ्या नावापुढे ‘पंच’ असा शब्द. शिपाई निघून गेल्यावर पाच वर्षांपूर्वीची, २०१८ सालची एक दुपार आठवली आणि मी तो कागद घरात कोणाला न दाखवता कपाटात ठेवून दिला.

त्या दुपारी मी कागदपत्रांची पिशवी हरवल्याची नोंद करण्यासाठी पोलीस ठाण्यात गेलो होतो. गहाळ दाखल्यावर शिक्का पडण्याची वाट पाहत बाकावर बसलो असताना एक हवालदार म्हणाले, “साहेब, एक पंच कमी पडतोय, दोन मिनिटांचं काम आहे.” टेबलावर उघडलेल्या रुमालात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, भिंतीशी एक तरुण उकिडवा बसला होता आणि चार पानांचा पंचनामा लिहून तयार होता. मी चारही पानांच्या तळाशी सह्या केल्या, पाकिटावर चिकटवायच्या लेबलांवर केल्या, लाख वितळवून त्यावर मोहोर उठवतात ते कुतूहलाने पाहिले आणि दाखला घेऊन घरी आलो. मला कोणी धमकावले नव्हते की फसवले नव्हते. आपले काम अडू नये एवढाच हिशेब होता आणि तो मी स्वतःपाशीही कधी बोलून दाखवला नव्हता.

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. त्या निमित्ताने कोर्टाच्या पैरवीचे काम पाहणाऱ्या पोलिसाने मला व्हरांड्यात पंचनाम्याची झेरॉक्स वाचायला दिली. आपण सही केलेला मजकूर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिले होते की, आरोपीने चोरीचा माल काढून देण्याची तयारी दर्शवल्यावरून आम्ही पंच, पोलीस आणि आरोपी सरकारी वाहनातून निघालो, आरोपी दाखवील त्या रस्त्याने त्याच्या खोलीपाशी पोहोचलो आणि त्याने पत्र्याच्या पेटीमागून पाटल्या स्वतःच्या हाताने काढून दिल्या. पंचनामा ४ वाजून १० मिनिटांनी सुरू होऊन ५ वाजून २५ मिनिटांनी संपला होता. शेवटी तो ठरलेला मजकूर होताच: पंचनामा आमच्यासमक्ष लिहिला, वाचून पाहिला, बरोबर आहे म्हणून सह्या करीत आहोत.

“सही ओळखायची आणि हे सगळं माझ्यासमोर झालं म्हणायचं, बस,” असे तो पोलीस सहज म्हणाला. त्यात दमदाटी नव्हती. रोजच्या कामातली ती एक सूचना होती, आणि मला तेच अधिक अस्वस्थ करून गेले.

या कागदाचे मोल मला तोवर ठाऊक नव्हते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम २५ सांगत होते. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाकडून काय वदवून घेतले जाऊ शकते याची जाणीव त्या कलमामागे आहे. त्याला कलम २७ ने एक अरुंद फट ठेवली होती: आरोपीने दिलेल्या माहितीवरून खरोखर एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तिच्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे मिळाला तोच चोर, किंवा तो माल चोरीचा आहे हे जाणून ठेवून घेणारा, असे न्यायालय कलम ११४ खाली गृहीत धरू शकत होते. म्हणजे त्या तरुणाला तुरुंगात धाडणारी साखळी याच कागदापासून सुरू होत होती, आणि ती खरी आहे हे पोलिसांखेरीज अन्य कोणी सांगावे म्हणूनच पंच घेण्याची रीत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये झडतीच्या पंचांसाठी ‘स्वतंत्र व प्रतिष्ठित’ अशा अर्थाचे शब्द होते. हे वाचताना मला माझी शरम वाटली.

घरी येऊन मी जुन्या फायली काढल्या. गहाळ दाखला सापडला. त्यावर माझी सही, ठाण्याचा शिक्का आणि वेळ होती: ४ वाजून ४० मिनिटे. पंचनाम्यानुसार त्या वेळी मी आरोपीच्या खोलीत पत्र्याच्या पेटीसमोर उभा होतो.

ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि सांगितले की, सही करताना तुम्ही शपथेवर नव्हता, पिंजऱ्यात मात्र असाल, आणि न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या अंगाशी येईल म्हणून साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही, पण भाग पाडून घेतलेले तसे उत्तर, ते स्वतःच खोटे असल्याखेरीज, त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, अशी पुरावा अधिनियमाच्या कलम १३२ ची तरतूदही त्यांनी दाखवली. मग थोडे थांबून म्हणाल्या, “बहुतेक पंच ‘आठवत नाही’ म्हणतात आणि घरी जातात.”

या वाक्याने मला पुढचे दीड महिने पछाडले. सरळ खोटे बोलण्याचा मोह मला झाला नाही, कारण तेवढे धैर्यच माझ्यात नाही. पण ‘आठवत नाही’ ही वाट किती सोयीची होती! पाच वर्षे उलटली होती, कोणी शंका घेतली नसती, पोलीस रागावले नसते, आरोपीविरुद्धही मी काही बोललो नसतो. मन किती वकिली करते पाहा: मी स्वतःला पटवू लागलो की, खरोखरच मला सगळे नीट आठवत नाही, हवालदारांचा चेहरा आठवत नाही, रुमालाचा रंग आठवत नाही. पण बाकावरून उठून टेबलापर्यंत गेलेली चार पावले आठवत होती. त्या चार पावलांपलीकडे मी कोठेही गेलो नव्हतो, हे विसरण्यासारखे नव्हते.

आणि एक शंका होतीच, जी मी कोणाला विचारू शकत नव्हतो. चोरी त्यानेच केली असेल तर? पाटल्या खरोखर त्याच्या खोलीतून आणल्या असतील, पोलिसांनी फक्त पंच नेण्याचा कंटाळा केला असेल तर? माझ्या खरे बोलण्याने चोर सुटणार असेल, तर हा खरेपणा कोणाच्या उपयोगाचा? याचे उत्तर मला सापडले नाही. तो चोर आहे की नाही हे मी पाहिलेले नव्हते, आणि न पाहिलेले पाहिले म्हणण्याची चूक माझ्या हातून एकदा होऊन गेली होती, इतकेच कळत होते.

दुसऱ्या तारखेला बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्या फिर्यादी होत्या. पाटल्या सासूबाईंच्या, असे त्यांनी आपणहून सांगितले. “तुम्ही आलात ते बरं झालं हो, दुसरा पंच पत्त्यावर सापडलाच नाही म्हणे.” मी मान हलवली आणि नावाचा पुकारा होईपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

सिनेमात दाखवतात तसा ग्रंथावर हात वगैरे ठेवावा लागला नाही. ईश्वरसाक्ष खरे सांगेन, एवढे म्हणायचे होते. सरतपासणीत सहायक सरकारी अभियोक्त्यांनी सह्या दाखवल्या. त्या माझ्या आहेत, मी म्हणालो. मग आरोपीच्या खोलीवर गेल्याबद्दल विचारले. मी म्हणालो की मी कोठेही गेलो नाही, ठाण्यातच सह्या केल्या. क्षणभर टंकलेखन थांबले. अभियोक्त्यांनी साक्षीदार फितूर झाल्याचे सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. (पुरावा अधिनियमाच्या कलम १५४ मध्ये ‘फितूर’ असा शब्दच नव्हता. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू देण्याचा अधिकार तेवढा न्यायालयाला होता. पण माझ्या साक्षीच्या कागदावर तो शब्द आहे.) आरोपीशी संगनमत करून मी खोटे सांगत आहे, असे सुचवण्यात आले. ‘हे म्हणणे खरे नाही,’ असे माझे उत्तर नोंदले गेले. मी गहाळ दाखला काढून दिला, आणि त्यावर निशाणी क्रमांक पडला.

नंतर बचावपक्षाचे वकील उठले, ते अत्यंत आदराने. त्या तरुणाला मारहाण झाल्याचे मी पाहिले, हे खरे आहे काय? मी पाहिले नव्हते. पाटल्या पोलिसांनीच बाहेरून आणून ठेवल्या, हे खरे आहे काय? त्या टेबलावर होत्या, कोठून आल्या ते मला माहीत नाही. त्यांचा आदर हळूहळू ओसरला. ‘हो’ म्हटले असते तर मी त्या खोलीत एका बाजूचा तरी नायक ठरलो असतो, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी कोणीतरी आपल्या बाजूचे असावे असे मला फार वाटत होते.

शेवटी न्यायाधीशांनी एकच विचारले.

“मजकूर वाचून सही केली?”

“न वाचता.”

“शिक्षण?”

“पदवीधर.”

त्यांनी लघुलेखकाला सांगितले, “साक्षीदार पदवीधर आहे, असे घ्या.”

बाहेर त्या बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर त्यांनी खरा पुरावा शोधला असता ना?” मी काही बोलू शकलो नाही. माझ्या साक्षीने अन्याय टळला असेल तर तो कोणावरचा, आणि झाला असेल तर तो कोणावर, हे मी तोवर आरोपीच्या बाजूनेच मोजत आलो होतो.

१ जुलै २०२४ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नवे कायदे आले. आता झडती व जप्ती, तसेच यादीवर पंचांच्या सह्या होतानाचेही दृक्‌श्राव्य चित्रण करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आवश्यक केले आहे. बाकावरच्या माणसाला चार पावलांत पंच करणे त्यामुळे अवघड व्हावे.

निकाल मी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक टाकून पाहिला. पंच उलटला तरी तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर जप्ती शाबीत होऊ शकते, हे वकीलबाईंनी मला आधीच सांगितले होते. येथे वेळेचा मेळ न बसल्याने न्यायालयाने ती स्वीकारली नाही, आणि संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त केले. पाटल्या फिर्यादीकडेच कायम राहिल्या, हे वाचून मला सुटल्यासारखे वाटले. माझ्याबद्दल निकालपत्रात दोन ओळी आहेत. पहिलीत मी फिर्याद पक्षास पाठिंबा दिला नाही असे म्हटले आहे. दुसरीत, हा साक्षीदार सुशिक्षित असूनही त्याने पंचनामा न वाचता सह्या केल्या, अशी नोंद आहे.