स्पर्धा कुणाच्या गावात? ॲलनटाउन ते विल्यम्सपोर्ट, ड्रम कोअरच्या मैदानांवरून

न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून पेनसिल्व्हेनिया आणि अपस्टेट न्यूयॉर्कला वळसा घालून परत आलं, की वयाची अट नसलेल्या ड्रम कोअरची बरीचशी नावाजलेली स्पर्धेची गावं एका फेरीत होतात. ॲलनटाउन, स्क्रँटन, सिरॅक्यूज, रॉचेस्टर आणि परतीला विल्यम्सपोर्ट. अंतर सातशे मैलांच्या आसपास. धबधबे आणि वाइनरी बघायला लोक याच रस्त्यानं जातात. आम्ही मैदानं, शाळांची पार्किंगं आणि ट्रक वळतील अशा गल्ल्या बघत गेलो.

ड्रम कोअर म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर आकृत्या करत वाजवणारं पथक. पितळी वाद्यं, तालवाद्यं, आणि झेंडे, रायफली, तलवारी उडवणारा कलर गार्ड. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना इथे प्रवेश नाही. तरुणांच्या पथकांची संस्था डीसीआय, म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल. तिच्यात बाविशीच्या आतबाहेर माणूस वयानं बाद होतो. त्यानंतरही ज्यांचा कंड शमत नाही, ते मोठ्यांच्या पथकात येतात. एकाच रांगेत कॉलेजची मुलगी, चाळिशीतला प्लंबर आणि नातवंडांचे आजोबा. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार सराव.

या मंडळींची संस्था होती डीसीए, म्हणजे ड्रम कोअर असोसिएट्स. त्याआधी मोठ्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना भरवत. त्यांचं अधिवेशन ज्या गावी, स्पर्धा त्या गावी, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. डीसीएनं स्वतःची पहिली अंतिम स्पर्धा 1965 मध्ये कनेक्टिकटमधल्या मिलफर्डला घेतली, आणि पुढे लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आधीचा शनिवार-रविवार हा ठरलेला मुहूर्त झाला. तेव्हापासून 'पुढच्या वर्षी कुठे' हा प्रश्न सुटला नाही तो नाहीच. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाचं गाव ठरताना पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा अशी जी रस्सीखेच चालते, तिचीच ही ट्रम्पेटवाली आवृत्ती.

ॲलनटाउनचं जे. बर्नी क्रम स्टेडियम 1948 चं. शाळेच्या मैदानाला साधारण पंधरा हजारांची बैठक, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं, पेनसिल्व्हेनियात नाही. डीसीएची अंतिम स्पर्धा इथे झालेली आहे, आणि डीसीआयची पूर्वेकडची मोठी स्पर्धा ऑगस्टच्या सुरुवातीला इथेच भरते. ड्रम कोअर कधीच पाहिलं नसेल, तर सुरुवात इथून करा. तिकीट घेताना पुढची रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. मैदानावरचा प्रत्येक माणूस आखीव ठिपक्यांवर चालत असतो: पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. त्या ठिपक्यांची आकृती दिसते ती वरून. खालच्या रांगांमधून फक्त माणसांची भिंत आणि समोरच्या मरिंब्याचे (लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या तालवाद्याचे) पाय दिसतात. वरच्या एकतृतीयांश भागात, दोन्हीकडच्या पस्तीस यार्डांच्या रेषांमध्ये, म्हणजे मैदानाच्या मध्यासमोर जागा मिळाली, तर पैसे वसूल.

उंचीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे बाजू. पितळी वाद्यांची तोंडं समोर असतात, कार्यक्रम एकाच बाजूला बघून बसवलेला असतो. म्हणून पंधरा हजारांचं स्टेडियम यजमानांच्या हिशेबात सात-साडेसात हजारांचंच धरायचं. पाठीमागची बाजू कुणी विकत घेत नाही. गावं एकमेकांशी भांडताना बैठकीचे आकडे तोंडावर फेकतात, तेव्हा हा अर्धा भाग कुणी वजा करत नाही. डीसीएची स्पर्धा मेरिलंडमधल्या ॲनापोलिसला नौदल अकादमीच्या स्टेडियमवर गेली होती. चौतीस हजारांची जागा, देखणं मैदान. पण काही हजार रसिक तिथे विखुरलेले दिसतात, आणि रिकाम्या काँक्रीटवरून आवाज परत येतो तो वेगळाच. हे गाव आमच्या वाटेवर नव्हतं, आणि मला विचाराल तर या स्पर्धेच्याही वाटेवर नव्हतं.

ॲलनटाउनहून स्क्रँटन टर्नपाइकनं दीड तासाच्या आत. जुना कोळशाच्या खाणींचा मुलूख, चढउतार भरपूर. मेमोरियल स्टेडियम शाळेला लागून आहे, आणि डीसीएनं ते पुन्हा पुन्हा वापरलं. अशा मध्यम मैदानावर चार-पाच हजार माणसं आली की ते भरल्यासारखं वाटतं, आणि वाजवणाऱ्याला तेच हवं असतं. पण स्क्रँटनमध्ये स्टेडियमपेक्षा आजूबाजूच्या शाळा बघा, कारण यजमान गाव खरं तिथे ठरतं.

प्राथमिक फेरीला पंधरा-वीस पथकं आली, तर प्रत्येकाला शनिवारी आणि रविवारी स्वतःचं सराव मैदान लागतं. नुसतं गवत चालत नाही. यार्डांच्या रेषा हव्यात, हॅश मार्क, म्हणजे मैदानाच्या आतल्या छोट्या खुणा, योग्य अंतरावर हवेत (शाळेच्या आणि कॉलेजच्या मैदानांवर ते वेगवेगळ्या जागी असतात, आणि चुकीच्या खुणांवर दिवसभर सराव केला की संध्याकाळी रांगा वाकतात), आणि वरून बघायला मनोरा किंवा उंच बाकं हवीत. सकाळी पितळवाले अर्धवर्तुळात, ड्रमलाइन झाडाखाली, कलर गार्ड जिममध्ये. दुपारनंतर सगळे एकत्र, मागे ठेवलेल्या स्पीकरमधून मेट्रोनोमचा टकटकाट. शे-सव्वाशे माणसांना पाणी, स्वच्छतागृहाच्या किल्ल्या, ट्रक उभा करायला जागा. डीसीएच्या वेळी वर ही सुट्टी: शाळेचा शिपाई लेबर डेच्या रविवारी यायचा म्हणजे ओव्हरटाइम, आणि तो यजमान समितीच्या माथी पडे. सकाळी नऊच्या आत बास ड्रम वाजला की शेजारी पोलिसांना फोन करतात. एडिसन-पार्सिपनीच्या ढोल-ताशा पथकांना हे दुखणं नवं नाही.

सराव मैदान स्टेडियमपासून वीस-पंचवीस मिनिटांत असावं लागतं. वेळापत्रक असं असतं: प्रवेशाच्या तासभर आधी वॉर्म-अप, मग ठरलेल्या मिनिटाला फाटक, आणि दर पंधरा-सतरा मिनिटांनी पुढचं पथक. बस अडकली तर वॉर्म-अप कापला जातो. मोसमभराच्या तयारीनंतर थंड ओठांनी वाजवायला कुणालाच नको असतं. म्हणून दहा मैलांच्या परिघात पंधरा-वीस रेषांकित मैदानं असलेलं गाव हे सुंदर स्टेडियम असलेल्या गावापेक्षा सरस.

स्क्रँटन ते सिरॅक्यूज आय-81 नं दोन तास. इथे शतक बदलण्याच्या सुमारास स्पर्धा झाली ती बेसबॉलच्या स्टेडियमवर. 1997 साली उघडलेलं हे मैदान रेल्वे आणि बस स्थानकाला अगदी लागून आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यालाही जाता येतं. पण बेसबॉलची बाकं होम प्लेटभोवती कोनात वळलेली. फुटबॉलचा शंभर यार्डांचा आयत त्यात कसाही बसवला, तरी पन्नास यार्डांच्या, म्हणजे मधल्या, रेषेसमोरची उत्तम जागा म्हणावी अशी थोडीच उरते. बाकीच्यांना आकृती तिरकी दिसते. सिरॅक्यूजच्या ब्रिगेडियर्स पथकाचे चाहते हे ऐकून घेत नाहीत.

ट्रकवाल्यांसाठी एक सूचना. ओनॉन्डागा लेक पार्कवेवर स्टेडियमपासून जवळच एक रेल्वेपूल आहे, उंची 10 फूट 9 इंच. पथकाचा सेमी ट्रेलर साडेतेरा फुटी असतो. पिवळे दिवे, पाट्या, सगळं असूनही ट्रक त्याच्यावर आदळतच असतात. फोनवरच्या साध्या नकाशाला ट्रकची उंची कळत नाही. ट्रकसाठीचा वेगळा नेव्हिगेटर वापरायचा किंवा आय-81 सोडायचा नाही. दुसरी अडचण हॉटेलांची. न्यूयॉर्क राज्याची जत्रा सिरॅक्यूजलाच भरते आणि ती लेबर डेलाच संपते, म्हणजे डीसीएच्या स्पर्धेच्याच तारखांना खोल्या महाग आणि त्याही लांब असत. तिथे उकडलेले खारे बटाटे खा, शाकाहारी आहेत, आणि पुढे निघा.

रॉचेस्टर इथून दीड तास. डीसीएच्या लोकांना सर्वांत जास्त भांडताना ऐकायचं असेल, तर हे नाव काढा. बाजूनं बोलणारे सांगतात, ड्रम कोअर या गावाच्या रक्तात आहे: इथे क्रुसेडर्स हे पथक होतं, पुढे एम्पायर स्टेट्समेन आलं, जुन्या होलेडर स्टेडियमच्या आठवणी आहेत. गावातल्या टॅक्सीवाल्यालाही 'कोअर' म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. कोडॅकच्या जमान्यातल्या या शहराला ईस्टमन संगीत महाविद्यालयामुळे ऐकणारा कानही आहे. शिवाय ऑन्टारियो आणि क्वेबेककडून येणाऱ्यांना सरहद्द जवळ.

विरोधात बोलणारे बोट दाखवतात ते स्टेडियमकडे. शहराच्या मध्यापासून मैलभरावरचं, 2006 मध्ये उघडलेलं हे तेरा हजारांवर बैठकीचं मैदान मुळात सॉकरसाठी बांधलं. सॉकरच्या प्रेक्षकाला गवताला चिकटून बसायचं असतं. म्हणून खालच्या रांगा मैदानाला अगदी लागून आहेत. पितळवाले समोरच्या रेषेवर येऊन वाजवतात तेव्हा तिथे छाती हादरते, हे खरं. रेषा मात्र मुद्दाम आखाव्या लागतात. रात्री स्पर्धा संपल्यावर हॉटेलांकडे चालत जायला लोक कां-कूं करतात. आणि हॉटेलंही विमानतळाजवळ किंवा हेन्रिएटाकडे विखुरलेली, म्हणजे संध्याकाळी एकाच लॉबीत पाच पथकं भेटणं, रात्री दोनपर्यंत जुने हिशेब चुकते करणं, हे होत नाही. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण पन्नाशीतला माणूस स्वतःच्या खिशातून गणवेशाचे, बसचे पैसे भरून येतो त्यात या लॉबीचा वाटा मोठा असतो.

अशा मैदानावर कान लावून ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे. मैदानाची रुंदी 160 फूट. मागच्या रेषेवरचा आवाज पुढच्या रेषेवर यायला साधारण 0.14 सेकंद लागतात. लय मिनिटाला 160 ठोक्यांची असेल, तर हा एका ठोक्याच्या एकतृतीयांशाहून जास्त उशीर. म्हणून समोर उभा मरिंबा-व्हायब्राफोनचा ताफा निर्देशकाच्या हाताकडे बघून वाजवत नाही. मागून येणाऱ्या ड्रमलाइनचा ठोका कानावर पडला की त्यावर वाजवतो. मागची बाकं रिकामी असतील, तर त्यांच्यावरून परतलेला आवाज वेगळ्या उशिरानं येतो आणि तालाचा चुराडा होतो. सराव मैदानावर मागच्या बाजूला अशी बाकं नसतात, त्यामुळे ही अडचण थेट स्पर्धेतच उगवते.

दुसरी अडचण फाटकाची. मरिंबा, घंटा, सिंथेसायझर, स्पीकर, मिक्सर, सगळं चाकांच्या गाड्यांवर. फाटकातून मैदानाच्या कडेला जाताना दोन इंचांची पायरी आली, की छोटी चाकं अडकतात आणि चार माणसांना गाडी उचलावी लागते. वेळ मात्र चालूच असते. जाणते यजमान तिथे प्लायवुड टाकतात. पन्नास यार्डांच्या रेषेपाशी वीज मिळाली नाही, तर प्रत्येक पथक स्वतःचा जनरेटर ढकलत आणतं. पाऊस आला, तर स्नेअरच्या सिंथेटिक कातड्यांना फारसं होत नाही. जीव टांगणीला लागतो तो मरिंब्याच्या रोझवुड पट्ट्यांवर आणि वायरिंगवर.

जेवणाचं म्हणाल, तर रॉचेस्टरची गार्बेज प्लेट म्हणजे बटाटे, मॅकरोनी सॅलड, वर हॅम्बर्गर किंवा हॉट डॉग, मांसाचा रस्सा, कांदा, मोहरी. वाजवून आलेल्याला पोटभर. शाकाहारी असाल तर स्क्रँटनशेजारच्या ओल्ड फोर्जचा चौकोनी पिझ्झा आधीच बांधून घ्या.

रॉचेस्टरहून विल्यम्सपोर्ट तीन तास, रस्ता सुरेख. लिटल लीग बेसबॉलचं हे जन्मगाव (1939). मुलांची जागतिक स्पर्धा ऑगस्टअखेरीस पलीकडच्या साउथ विल्यम्सपोर्टला होते. त्यामुळे या गावाला पाहुणे सांभाळायची सवय आहे, आणि लेबर डेपर्यंत ती गर्दी ओसरलेली असते. डीसीए 2018 मध्ये इथे आलं तेव्हा शाळेच्या स्टेडियमवर स्पर्धा म्हणून नाकं मुरडली गेली. मला ते गाव पटतं: छोटं, सराव मैदानं जवळ, न्यू जर्सीतल्या हॉर्थॉर्नच्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या पथकांच्या बसना एका सकाळीत गाठता येणारं. मिनेसोटा ब्रास किंवा अटलांटा सीव्ही या लांबच्या पथकांना मात्र ते रॉचेस्टरइतकंच लांब. मिनेसोटा ब्रासनं 2011 मध्ये विजेतेपद नेलं, तेव्हापासून 'ही स्पर्धा फक्त पूर्वेची' हे म्हणणं टिकत नाही.

2024 च्या मोसमापासून मोठ्यांची पथकं डीसीआयच्या ऑल-एज, म्हणजे वयाची अट नसलेल्या, वर्गात गेली, आणि वादाचा रोख इंडियानाकडे वळला. डीसीआयची अंतिम स्पर्धा 2009 पासून इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमवर होते. त्याआधीची तिची गावं मॅडिसन, बफेलो, ऑर्लँडो अशी फिरत असत. मिनेसोटा ब्रासच्या सेंट पॉलहून इंडियानापोलिस साधारण सहाशे मैल, अटलांटाहून त्याहून थोडं कमी, न्यू जर्सीहून सातशे. म्हणजे आता भार सगळ्यांवर वाटला गेला, फक्त पूर्वेकडच्यांचा वाढला. पण माझ्या मते मैलांपेक्षा तारखेनं जास्त घाव घातला आहे. लेबर डेऐवजी ऑगस्टचा पूर्वार्ध म्हणजे तीन-चार शनिवार-रविवार गेले. रोज सराव करणाऱ्या तरुण पथकाला तीन आठवड्यांत वीस दिवस मिळतात, मोठ्यांना सहा. जूनमध्ये लिहिलेला शेवटचा दोन मिनिटांचा भाग बसवायचा तो याच सहा दिवसांत, आणि तेच आता नाहीत. उलट बाजूनं, पथकांतले कितीतरी जण शाळांमध्ये बँड शिकवतात, त्यांना सप्टेंबरचा तो रविवार मोकळा ठेवणं कठीण जात होतं, आणि ऑगस्ट त्यांना मानवतो. त्यामुळे एकाच पथकाच्या बसमध्येही या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात.