वारीच्या वाटेवर खिशातला रेकॉर्डर

पुण्याहून सासवडला निघालेली माउलींची पालखी दिवेघाटाच्या पायथ्याशी आली की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि चढ सुरू होतो. घाटात आवाज तीन बाजूंनी येतो. आपल्या दिंडीतले टाळ शेजारी, वरच्या वळणावरच्या दिंडीचा अभंग डोक्यावर आणि मागून चढणाऱ्यांचा गजर पायाखाली. वारीचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर किती कामाचा आणि कुठे तोकडा, हे पाहायला या घाटाइतकी चांगली जागा नाही.

फोन पुरेसा नाही का, असं हमखास विचारलं जातं. माझ्या मते नाही. बहुतेक फोन बोलणं टिपण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. ते आपणहून लेव्हल वरखाली करतात आणि ज्याला गोंगाट समजतात ते दाबतात, आणि टाळ त्यांना गोंगाटच वाटतो. टाळ पडला की सगळा आवाज खाली ओढला जातो, दोन टाळांच्या मधल्या फटीत पुन्हा वर येतो, आणि अभंगाचा सूर सारखा फुगतो-बसतो. मध्येच फोन आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं, ते वेगळंच. हाच फुगण्या-बसण्याचा दोष रेकॉर्डरमध्ये ऑटो लेव्हल चालू ठेवली तरी येतो. म्हणून नवं यंत्र हातात आलं की मेनूत जाऊन आधी ती बंद करायची.

लेव्हल हाताने लावायची रीत अशी. दिंडी संथ लयीत असताना घाई करू नये. अभंग संपत आला, लय चढली, सगळे टाळ एकत्र पडू लागले की तेव्हा मीटरकडे पाहायचं. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डीबीच्या आसपास थांबेल इतका गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण, ठेवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. टाळाचा ठोका क्षणभराचा पण फार टोकदार असतो. डोळ्यांना मीटर निवांत दिसतो तेव्हाही मधला एखादा ठोका शून्याला, म्हणजे मीटरच्या वरच्या टोकाला, भिडून फाटलेला असतो. दिंडीच्या आत हेडफोन लावून काही उमगत नाही, कारण बाहेरचाच आवाज कानात शिरतो. रस्त्याच्या कडेला होऊन पहिलं अर्धं मिनिट ऐकून पाहावं. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे हवेत.

उभं राहायची जागा गेनपेक्षा महत्त्वाची. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, आणि मागच्या बाजूला विणेकरी, अशी साधारण रचना असते. वीणेचा आवाज अगदी बारीक. टाळकऱ्यांच्या शेजारी राहिलो तर ती ऐकूच येत नाही. म्हणून विणेकऱ्यांच्या दोन हात बाजूला चालायचं आणि माइक पुढच्या रांगांकडे ठेवायचे. उजवी-डावीकडचे टाळ आपोआप दोन बाजूंना पडतात, पखवाज मध्ये येतो. झूम एच१एनसारख्या यंत्रात दोन माइक ९० अंशांत एकमेकांवर आडवे बसवलेले असतात, ते समोरचं जास्त आणि मागचं कमी घेतात. टॅस्कॅम डीआर-०५एक्सचे माइक चहूबाजूंचं सारखंच घेतात. घाटाचा घेर पकडायला दुसरा चांगला, एकच दिंडी वेगळी काढायला पहिला. कोणताही असला तरी लांबचा आवाज जवळ ओढायची ताकद अंगच्या माइकमध्ये नाही. त्यासाठी जवळच जावं लागतं, आणि जाण्याआधी दिंडीप्रमुखांना विचारावं लागतं. "माउली, जरा रेकॉर्ड करू का?" एवढं पुरतं.

घाटमाथ्यावर वारा. आषाढातला वारा माइकच्या पडद्यालाच ढकलतो, त्यामुळे मेनूतला लो-कट, म्हणजे खालचे घुमणारे स्वर गाळणारी सोय, लावून तो पूर्ण जात नाही. पडदा आधीच हलून बसलेला असतो. यंत्रावर घालायचा स्पंजचा बोळा खोलीत, श्वासाच्या फुंकरीपुरता. उघड्यावर लांब केसांचं फरचं टोपडंच लागतं. ते भिजलं की केस चिकटतात, वारा आत शिरतो आणि टाळांची खणखण बोथट होते. झटकून, पिळून, वाळत टाकायचं आणि दुसरं चढवायचं. म्हणून दोन टोपडी. पावसात यंत्राला प्लास्टिकची पिशवी घातली तर थेंबांची टपटप थेट माइकमध्ये जाते. छत्री धरावी आणि छत्रीवर ओला टॉवेल टाकावा, थेंब मऊ पडतात.

आता या यंत्रांची सगळ्यांत मोठी खोट. अंग हलकं, प्लास्टिकचं, आणि माइक त्याच अंगाला जोडलेले. अंगठा सरकला तरी भूकंप रेकॉर्ड होतो. खाली पाव इंची स्क्रूचं भोक असतं, त्यात छोटा तिपाई स्टँड लावून पाय मिटवायचे आणि तो दांडा धरायचा. पकड सैल. कोपर अंगापासून दूर. नायलॉनचा रेनकोट चालताना सतत खसखसतो, त्याऐवजी सुती कपडे आणि छत्री बरी. मनगटात अडकवायच्या दोरीचं मोकळं टोक यंत्रावर टिकटिक करतं, ते चिकटपट्टीने बांधून टाकावं.

सासवडच्या मुक्कामात सेल आणि कार्डाचा हिशेब करायला सवड मिळते. वारीत चार्जिंगचा प्लग म्हणजे रांग, त्यामुळे ज्याची बॅटरी आतच बंद असते त्या रेकॉर्डरपेक्षा सेलवर चालणारा मी केव्हाही पसंत करतो. सेल जेजुरीत मिळतात, वाल्ह्यात मिळतात, लोणंदलाही. दुकानात मात्र "अल्कलाइन" असं नाव घेऊन मागायचे. साधे झिंक-कार्बन सेल भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, रेकॉर्डरमध्ये लवकरच मान टाकतात. एच१एनला दोन ट्रिपल-ए लागतात आणि कंपनी साधारण दहा तास सांगते. हेडफोन लावून आणि वरच्या दर्जावर ते त्याहून कमी भरतात. डबल-ए रिचार्जेबल सेलची क्षमता २००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास, ट्रिपल-एची ८०० च्या आसपास, हा फरक यंत्र घेतानाच लक्षात घ्यावा. रिचार्जेबल घातले तर मेनूत तो प्रकार निवडायचा. ते १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. प्रकार चुकीचा असेल तर पट्टी भलतंच दाखवते. आणि सेल चालू रेकॉर्डिंगमध्ये संपू द्यायचे नाहीत, कारण स्टॉप दाबल्याशिवाय अनेक यंत्रांत फाइल नीट बंद होत नाही आणि पूर्ण तास हातचा जाऊ शकतो. दर अर्ध्या तासाने थांबवून नवी फाइल सुरू करणं शहाणपणाचं.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही (न दाबलेली मूळ फाइल) ठेवली तर मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे तासाला एक जीबीपेक्षा किंचित जास्त. ३२ जीबीच्या कार्डात साधारण तीस तास बसतात. ९६ किलोहर्ट्झने जागा दुप्पट लागते, आणि रस्त्यावरच्या आवाजात त्याने ऐकण्यासारखं काही वाढत नाही. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन-तीन छोटी बरी. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं.

नीरास्नानानंतर लोणंद, आणि तारडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात आणि मधून अश्व दौडतात. टापांचा आवाज एक-दोन सेकंद, तोही "माउली माउली"च्या गजरात बुडालेला. उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर माइक धरला तर नुसता गजर मिळतो. गुडघ्याएवढा खाली, जमिनीकडे थोडा कललेला धरला तर टापा ऐकू येतात. नंतर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते आणि धूळ उठते, तेव्हा यंत्र लगेच पिशवीत. होल्डचं बटण सरकवलेलं असावं, म्हणजे पिशवीत काही दाबलं जात नाही. टॅस्कॅमच्या यंत्रांची एक लकब इथे फसवते. रेकॉर्ड एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, म्हणजे यंत्र फक्त तयारीत आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि रेकॉर्डिंग चालू होतं. अश्व निघून जायला तेवढा वेळ पुरतो.

मुक्कामावरची समाज आरती ही रेकॉर्डरची खरी परीक्षा. तळावर शेकडो टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंचावतात आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत एकाच दिशेने येणारे तेवढेच टाळ, मग चोपदारांचा आवाज, मग निवाडा. गजरासाठी लावलेल्या लेव्हलवर हे बोलणं फार खाली पडतं, आणि नंतर वर उचललं की माइकच्या प्रीअँपची, म्हणजे माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या आतल्या भागाची, सरसर बरोबर उचलली जाते. इथे ३२ बिट फ्लोट (अगदी लहान ते फार मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावणारी पद्धत) असलेली नवी यंत्रं उपयोगी, त्यांत काहींना रेकॉर्डिंगच्या लेव्हलचं बटणच नसतं. मोठा आवाज आकड्यांत फाटत नाही, घरी खाली आणता येतो. पण या सोयीची भलामण जरा जास्तच होते. आवाज माइकमध्येच फाटला तर कोणतेही बिट वाचवत नाहीत. या छोट्या माइकांची मर्यादा १२० डीबीच्या आसपास असते आणि पखवाजाच्या तोंडाशी धरलं तर ती ओलांडली जाऊ शकते. दोन हात मागे सरणं हाच उपाय. सरसरही तशीच राहते, कारण ती प्रीअँपची. शिवाय फाइल एक तृतीयांशाने मोठी, आणि काही फोनवर ती वाजतच नाही.

रात्री राहुटीत बायकांच्या ओव्या ऐकायला मिळतात. संशोधक गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या परंपरेतलं गाणं आजही वारीत भेटतं. इथे लहान यंत्राची बाजू भक्कम. समोर मोठा माइक आला की गाणारी आवरून बसते. हा डबीएवढा रेकॉर्डर घडी घातलेल्या घोंगडीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवला की थोड्या वेळात त्याच्याकडे कुणी पाहतही नाही. पण ठेवण्याआधी विचारायचं आणि चालू केल्यावर सांगायचं. तळावरच्या जनरेटरची घरघर हा इथला शत्रू. ८० हर्ट्झचा लो-कट त्या घरघरीतला ५० हर्ट्झचा भाग कमी करतो, १०० आणि १५० चे तसेच राहतात. राहुटीची जनरेटरकडची बाजू सोडून पलीकडे बसावं. फोनही हातभर लांब ठेवावा, नाहीतर त्याची टुर्रटुर्र आत शिरते.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला गाव, जागा, दिंडी आणि वेळ बोलून ठेवायची. सेल काढून ठेवले की काही यंत्रांची तारीख पुसली जाते आणि सगळ्या फाइली एकाच दिवसाच्या दिसू लागतात, तेव्हा फक्त बोललेलंच खरं. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथे ध्वनिक्षेपक आणि स्वागताच्या घोषणा इतक्या की स्वच्छ आवाज मिळायची आशा धरू नये. त्या गर्दीचाच आवाज घ्यायचा तर तो दूरच्या बांधावरून चांगला येतो. दिंडीला प्रत द्यायची कबुली दिलेली असेल तर डब्ल्यूएव्ही पाठवू नये. १९२ केबीपीएसची एमपी३ केली तर तासाला सुमारे ८६ एमबी होते. ती व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवली की दिंडीतल्या साध्या फोनवरही वाजते.