गोदीच्या भिंतीबाहेरून

दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही. कोलकाता आणि विशाखापट्टणमच्या लोकांनी जपानी विमाने पाहिली. मुंबईकरांच्या वाट्याला काळोख्या रात्री, रेशनच्या रांगा आणि अफवा आल्या. असे असूनही १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी या शहराचा एक मोठा तुकडा जळून गेला, आणि तो जाळणारा दारूगोळा मित्रराष्ट्रांचाच होता. माझ्या सासूबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या व माझगावच्या एका चाळीत राहत होत्या. ‘मुंबईची स्थळे आणि युद्धाच्या खुणा’ अशा नावाच्या एका दिवसाच्या मार्गदर्शित सहलीची जाहिरात मी पाहिली, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत ‘गोदी स्फोट’ हे दोन शब्द दिसल्यामुळेच मी पैसे भरले. एरवी गेटवे ऑफ इंडिया बघण्यासाठी दादरच्या माणसाने तिकीट काढावे, हे आमच्या घरात कोणालाच पटले नसते.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही चौदा जण गेटवेसमोर जमलो. मार्गदर्शक म्हणून आलेली मुलगी इतिहासाची पदवीधर होती, मराठी स्वच्छ बोलत होती आणि तिचा अभ्यास चांगला होता. वेळेचे वाटप मात्र तिच्या हातात नसावे, कारण गेटवेसाठी पाऊण तास राखून ठेवलेला होता. पंचम जॉर्ज १९११ साली आला, कोनशिला १९१३ साली बसली, वास्तू १९२४ साली पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली, हे सारे सांगायला पंधरा मिनिटे पुरली असती. उरलेला वेळ छायाचित्रांत गेला. तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. ज्याला आम्ही अजून सवयीने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतो, त्या इमारतीचे बांधकाम पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस संपले. पण तेथे मूर्ती आणि लघुचित्रे येण्याआधी जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. शाळेत असताना आम्हाला तिथे किती वेळा नेले असेल; परंतु त्या घुमटाखाली कधी काळी इस्पितळ होते, हे कोणा शिक्षकांनी सांगितल्याचे आठवत नाही.

तेथून गाडी दक्षिणेकडे, कुलाब्याच्या टोकाला असलेल्या अफगाण चर्चकडे गेली. त्याचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पण ते नाव सांगून टॅक्सी केली, तर चालक आपल्यालाच पत्ता विचारील. सिंध आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे स्मारक म्हणून ही वास्तू उभारली गेली आणि १८५८ साली तिचे धार्मिक उद्घाटन झाले. कुर्ल्याच्या खाणीतला दगड, साठ मीटरच्या आसपास उंचीचा मनोरा, आत रंगीत काचांतून पडणारा उजेड, आणि बाकांना बंदुका टेकवून ठेवण्यासाठी केलेल्या खाचा. प्रार्थनेला येतानाही शस्त्र हाताशी लागावे, अशी त्या काळची भीती त्या खाचांतून अजून दिसते.

मी अधिक वेळ थांबले ती भिंतीवरच्या मजकुरापाशी. त्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांच्यासोबत गेलेल्या हुद्देदारांचा आणि साध्या शिपायांचाही उल्लेख आहे. परंतु त्यांची संख्या इतकी मोठी होती की नावे नोंदवणे शक्य झाले नाही, अशा अर्थाचे शब्द त्याच लेखात आहेत. ज्याने हा मजकूर लिहिला त्याला त्यात काही वावगे वाटले नसणार, उलट त्याने आपल्या परीने आदरच व्यक्त केला होता. पण जेवढे अधिक मेले तेवढी नावे लिहिण्याची शक्यता कमी, हा हिशेब त्या दिवशी माझ्या डोक्यात बसला आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर मी नकळत नावेच शोधत राहिले.

कुलाब्यातच नाविकांच्या उठावाचे स्मारक आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी काम बंद केले. निमित्त निकृष्ट अन्नाचे आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीचे असले, तरी भिंतींवर ‘चले जाव’ अगोदरच लिहिले गेले होते. पाहता पाहता अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस किनारी तळ आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. मार्गदर्शक मुलीने हा भाग फार मनापासून सांगितला. खलाशांची रसद तोडल्यावर सामान्य मुंबईकर घरचे अन्न घेऊन गेटवेपर्यंत आले, आणि २२ तारखेला गिरणगाव रस्त्यावर उतरले तेव्हा परळला झालेल्या गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे बळी पडल्या, हे तिने सांगितले. नेत्यांच्या आग्रहावरून २३ तारखेला खलाशांनी माघार घेतली. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांतले एक नाव मला आता ठाऊक आहे.

उठावात सामील झालेला खलाशांचा आणखी एक तळ जिथे होता, त्या जुन्या मुंबई किल्ल्यातल्या कॅसल बॅरॅक्सचे आजचे नाव ‘आंग्रे’. ज्या किल्ल्यात बसून इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची धास्ती घेतली, त्याच किल्ल्यावर आज त्यांचे नाव आहे, यावर आमच्या गाडीत पहिल्यांदा सगळे हसले. याच विषयावरून मुलीने मराठ्यांच्या भीतीने खणलेल्या खंदकाचीही गोष्ट सांगितली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इकडे फोर्टातल्या व्यापाऱ्यांनी खिशात हात घालून खंदकासाठी पैसे काढले. आज त्या खंदकाचा मागमूस नाही. तटबंदीही १८६० च्या दशकात पाडली गेली, आणि सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारालगत तिचा जो एक तुकडा उरला आहे तो दाखवला नसता, तर मी त्याला एखाद्या गोदामाची जुनी भिंत समजून पुढे गेले असते.

हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉल, सेंट थॉमस कॅथेड्रल, हायकोर्ट, राजाबाई टॉवर ही स्थळे आम्ही जेवणाच्या आधी भरभर उरकली. त्यांच्याबद्दल वेगळे लिहावे असे माझ्यापाशी काही नाही. ज्यांना या भागात नोकरी करायला मिळाली, त्यांनी ती रोज पाहिलेली आहेत.

जेवणानंतर गाडी पी. डी’मेलो रस्त्याला लागली. ज्यासाठी मी आले होते तो भाग आता सुरू होणार होता, आणि तो गाडीतूनच पाहायचा होता. गोदीच्या हद्दीत परवान्याशिवाय जाता येत नाही. ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झाला तो डॉक तर आता बुजवलेला आहे. त्यामुळे लांबच लांब भिंत, तिच्या वर डोकावणाऱ्या क्रेन, रस्त्याच्या कडेला उभे केलेले ट्रक आणि त्यांच्या सावलीत झोपलेले क्लीनर, एवढेच दृश्य होते. मुलीने चालकाला गाडी सावकाश घ्यायला सांगितली आणि बोलायला सुरुवात केली.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडहून निघाले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, पेट्यांत भरलेली लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. कराचीत काही माल उतरवून त्या जागी कापसाच्या आठ हजार सातशे गासड्या, वंगणाचे तेल, लाकूड, गंधक असा माल भरला गेला. जळणाऱ्या आणि फुटणाऱ्या वस्तू एकाच जहाजात, काही ठिकाणी एकावर एक, रचल्या गेल्या. कारण युद्धाच्या दिवसांत रिकामी जागा वाया घालवणे परवडणारे नव्हते. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या धक्क्याला लागले. १४ तारखेला दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमधून, म्हणजे माल ठेवण्याच्या कप्प्यातून, धूर येत असल्याचे लक्षात आले. बंब आले आणि शेकडो टन पाणी आत सोडले गेले. पण आगीचे मूळ सापडेना, पाणी उकळू लागले आणि जहाजाच्या पत्र्याचा रंग उष्णतेने उडू लागला. जहाज बाहेर न्यावे, बुडवावे की इथेच आग विझवावी, याचा निर्णय होईपर्यंत वेळ निघून गेली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा.

सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेजारी उभे असलेले ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळले. जळता कापूस मांडवी, मशीद बंदर, चिंचबंदर या वस्त्यांवर पडला. धान्याची कोठारे पेटली, आणि आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सोन्याची एक वीट तर मैलभर दूर असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, ती त्यांनी परत केली. आणि पुढे कित्येक वर्षे गोदीचा गाळ उपसताना उरलेल्या विटा सापडत राहिल्या. सोन्याची ही गोष्ट सांगताना मुलीचा आवाज जरा चढला आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा दोष नाही. या स्फोटाबद्दल बोलताना प्रत्येक जण सोन्यापाशी थोडा अधिक थांबतो. विटांची संख्या, त्यांचे वजन, कोणत्या पेटीत किती, याचा हिशेब नीट ठेवलेला होता. मेलेल्यांचा आकडा मात्र आठशेपासून तेराशेपर्यंत, ज्याच्या त्याच्या पुस्तकात वेगळा मिळतो. गोदीत हजेरीपटावर नसलेले हमाल, गाडीवाले, वखारीत झोपणारी बिऱ्हाडे यांची मोजदाद करणार कोण? शिवाय सेन्सॉरमुळे ही बातमी इथल्या वर्तमानपत्रांना कित्येक दिवस नीट छापता आली नाही. जगाला ती आधी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सांगितली.

मशीद बंदर स्थानकाजवळच्या इंडियन सेलर्स होमवरून आम्ही गेलो. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांची नावे तेथील स्मारकात नोंदलेली आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरून बोटींवर गेलेली किती घरे त्यात सापडतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. ते मात्र कार्यक्रमपत्रिकेत नव्हते आणि रविवार असल्याने बंदही होते. दुसऱ्या एखाद्या दिवशी वेगळी वाट करून जाण्याचे मी ठरवले आहे.

भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आम्हाला दहा मिनिटे मिळाली. त्या दुपारी दलाचे सहासष्ट जवान मेले. पहिला स्फोट झाला तेव्हा ते जहाजावर आणि धक्क्यावर नळ्या धरून उभे होते. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती असल्यामुळे मुंबई त्या दिवशी ढोल-ताशांत आणि निळ्या झेंड्यांत असते, आणि त्याच सकाळी भायखळ्याला बिगूल वाजतो, हे मला इतकी वर्षे या शहरात राहून माहीत नव्हते. स्मारकासमोर आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी चपला काढून नमस्कार केला, मग सगळ्यांनीच केला. तेवढ्यात चालकाने हॉर्न वाजवला. ऑगस्ट क्रांती मैदान गाठायचे होते, आणि १९४२ ची ती ऐतिहासिक सभा आम्ही मावळत्या उन्हात, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या आरडाओरड्यात, पाच मिनिटांत ऐकली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळे सांगितले. त्यांनी पहिल्यांदा विचारले, “चिंचबंदरला उतरवलं का गं तुम्हाला?” नाही, गाडीतूनच दाखवले, असे म्हटल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की पहिला आवाज झाला तेव्हा जपान आला असे समजून चाळ घरात शिरली, आणि थोड्या वेळाने काही होत नाही असे पाहून माणसे धूर बघायला रस्त्यावर व गच्चीवर गेली. दुसऱ्या आवाजाने माणसे नेली ती अशी. त्यांचे वडील मांडवीत एका धान्याच्या पेढीवर कारकून होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पायी घरी आले, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत राखेने माखलेले होते आणि त्यांना कोणी ओळखले नाही.

त्यांच्या खोलीत रात्रीपुरता पथारी टाकणारा कोकणातला एक हमाल होता. तो आला नाही. त्याची पत्र्याची ट्रंक पावसाळा संपेपर्यंत खोलीतच होती. मग गावाहून त्याचा भाऊ आला आणि ती घेऊन गेला. चाळीत त्याला सगळे गावाच्या नावानेच हाक मारत. सासूबाईंनी त्या रात्री जेवताना, आणि नंतर औषधे घेतानाही, त्याचे खरे नाव आठवून पाहिले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने ते लिहिलेले होते, एवढे त्यांना नक्की आठवते.